खोऱ्याला खोरं

लोबो सरांनी फळ्यावर लिहिलं :
कॉल अ स्पेड अ स्पेड.
म्हणजे, खोऱ्याला खोरं म्हणा.
वर्गातले अकराही जण माझ्याकडे वळून हसले,
कारण खानापुरात खोरी विकतो ते आम्ही,
आणि हा वर्ग भरतो तोही आमच्याच माळ्यावर.
खाली पत्र्याच्या बादल्या, वर इंग्रजी.

सर, मी म्हटलं, पण म्हणायचं कुठल्या नावानं?
जांबोटीकडचा गडी येतो, खोरं मागतो.
बिडीकडची बाई म्हणते, सलिकी कोडरी.
लोंढ्याचा गँगमन रेल्वेचं फावडा फावडा करतो.
बाबा तिघांपुढेही
तीच पात ठेवतात, न बोलता.
दांडा वेगळा. पाचर फुकट.
नावावरून इथे पाट्यांना डांबर फासलंय, सर,
खोऱ्याला मात्र कुणी नाही फासलं अजून.

सर खडू फिरवत राहिले. मग पुढचं लिहिलं :
बोलताना शब्दांचा खिमा करू नका.
झुडपाभोवती काठी बडवत बसू नका.
हे मला आवडलं. म्हणजे साहेब बंदूक घेऊन उभा,
हाकेवाले बडवतायत,
आत काय दडलंय ते सगळ्यांना ठाऊक
आणि आत शिरायला कुणीच तयार नाही.
तिसरं : सरळ खांद्यातून बोला.
खांद्यातून म्हणजे ठोसा, सर म्हणाले.
आम्ही गप्प झालो.
आमच्याकडे खांदा देतात.

जिन्याखाली बसून माविनकट्टी काका ऐकत होते.
बाबांचे भागीदार. हिशेब कन्नडात, शिव्या मराठीत.
म्हणाले, आमच्यात पण आहे की :
इद्दद्दु इद्दांग हेळिद्रे
एद्दु बंदु एदिगे ओद्रंत.
आहे ते आहे तसं सांगितलं,
तर उठून आले आणि छातीत लाथ घातली म्हणे.
तुझ्या सरांना सांग,
इंग्रजांनी अर्धीच म्हण नेली.

मला इंग्रजीत सगळं सरळ बोलता येतं.
तिथे माझं नात्यातलं कुणी राहत नाही.
टू बी फ्रँक, मी आरशाला सांगते,
मला हुबळीला नोकरी लागली.
टू बी व्हेरी फ्रँक, दुकान मी चालवणार नाही.
आरसा मान हलवतो. उच्चार सुधारलाय.
नेमणुकीचं पत्र आठ दिवस
चुकांच्या डब्यात आहे, अर्ध्या इंची, वरून तिसरा.

रात्री शटर अर्धं ओढलेलं.
बाबा खोऱ्याला दांडा बसवत होते.
मी म्हटलं, चहा टाकू?
मी म्हटलं, तारेचा भाव परत चढला म्हणे.
मी म्हटलं, काकांचा गुडघा कसा आहे आता,
आणि यंदा लोंढ्याकडे बांबू...
बाबांनी पाचर ठोकली. एकदा. दोनदा.
दांडा हलवून बघितला.
मान वर न करता म्हणाले,

कवा जातीस गे?

तीन शब्द. खिमा नाही, झुडूप नाही.
चुकांचा तो डबा त्यांनी सकाळीच
कुणाला तरी मोजून दिला असणार.

एक तारखेला, मी म्हटलं.
कुठल्याच भाषेत आणखी काही सुचेना.

हुबळीत पाणी रोज येत न्हाई,
बाबा म्हणाले. बादल्या घेऊन जा दोन.
झाकणाच्या.
आणि पुढचा दांडा उचलला.

सरांनी वाक्यात उपयोग करून आणायला सांगितलंय.
माझी वही अजून कोरी आहे.
सकाळी काकांनी मात्र चष्मा पुसला,
खतावणी उघडली
आणि त्यांच्या गोल गोल अक्षरांत लिहिलं :
बकेट एरडु. मगळु.
बादल्या दोन. मुलगी.
रकमेच्या रकान्यात पेन जरा थांबलं,
आणि मग खालच्या ओळीवर गेलं,
जिथे बिडीच्या बाईची सलिकी उधार होती.